धाकटं घरात आल्यावर थोरलं कुणाच्या मांडीवर?

रानजाई, नाशिक

माझी थोरली साडेतीन वर्षांची, धाकट्याला नुकताच सव्वा महिना झाला. पहिलं बाळंतपण रिवाजाप्रमाणे माहेरी झालं, हे सासरी, म्हणजे आमच्या फ्लॅटमध्येच. सासूबाई सोबत आहेत, आई येऊन-जाऊन असते, अंघोळ-मालिशला मावशी येतात. माणसांची कमी नाही, हे आमचं भाग्यच. तरी एक गोष्ट मला पहिल्या दिवसापासून खुपते आहे आणि ती इथल्या आई-बाबांसमोर, आज्या-आजोबांसमोर मांडायची आहे.

मदतीला जो येतो तो थोरलीला बाहेर नेतो. "चल, आईला त्रास द्यायचा नाही. आईच्या पोटाला टाके आहेत. बाळ झोपलंय. आपण खाली झोपाळ्यावर जाऊ." सगळे मायेनेच करतात. पण दिवसभर हेच चाललं की तिच्या पदरात काय पडतं? बाळ आलं आणि मला आईच्या खोलीतून उठवलं, एवढंच.

माझं म्हणणं असं, की आपल्याकडे मदतीची दिशाच उलटी आहे. महिन्याभराच्या बाळाला पाजणं सोडलं तर बाकी सगळं कुणाच्याही हातून चालतं. ढेकर काढणं, दुपटं बदलणं, खांद्यावर घेऊन फेऱ्या मारणं, झोपवणं. आजीचा खांदा त्याला पुरतो, बाबाचाही पुरतो. साडेतीन वर्षांच्या मुलीला मात्र आई म्हणजे आईच लागते, आणि परवापरवापर्यंत ती आई पूर्ण तिची होती. तेव्हा येणाऱ्याने बाळ घ्यावं आणि थोरलीला आईकडे सोडावं.

नवजात बाळ चोवीस तासांत ८ ते १२ वेळा पितं. ढेकर धरून एका वेळेला अर्धा तास म्हटलं तरी ४ ते ६ तास पाजण्यातच जातात, आणि ते सलग नसतात. मधल्या फटींमध्ये आईने झोपायचं, जेवायचं, अंघोळ करायची. यातून थोरलीसाठीचा वेळ आपोआप उरत नाही. घरातल्या कुणीतरी तो ठरवून राखावा लागतो.

आणखी एक, "आता तू मोठी झालीस." दवाखान्यात जायच्या आदल्या रात्री मी तिला भरवत होते. घरी परतले तर सगळे तिला सांगायला लागले होते, तू ताई आहेस, आपल्या हाताने जेव, एकटी झोप, बाळासमोर रडायचं नाही. तिचं वय तोवर आठवड्यानेही वाढलं नव्हतं. परवा मला म्हणाली, "मलापण दुपट्यात गुंडाळ." मी पलंगावर मोठी चादर पसरली आणि बाळाला गुंडाळतात तशी तिला गुंडाळली. थोडा वेळ पडून राहिली, मग आपणच निघाली आणि ठोकळे घेऊन बसली. सासूबाईंना वाटतं अशाने सवय लागेल. मला वाटतं, मागितलं तेव्हा मिळालं म्हणून ते तिथेच संपलं.

पाहुण्यांचंही तेच. चपला काढल्या की थेट पाळण्याकडे. कुणासारखा दिसतो, रंग कुणाचा घेतलाय, आणि शेजारी ही चित्राचा कागद धरून उभी. आल्यावर आधी तिच्याशी दोन शब्द बोला आणि बाळ तिलाच दाखवू द्या, एवढी विनंती मी आता दारातच करते.

तुमच्या घरी कसं झालं? थोरल्याला आईपासून लांब ठेवलं की जवळ? बाळाचा भार कुणी उचलला? जमेल तेवढं तपशिलाने लिहा.


कोयनाकाठ, कराड

पूर्ण सहमत. बाबांच्या बाजूने लिहितो.

आमच्याकडे रात्रीची वाटणी सरळ होती. पाजणं तिचं, बाकी सगळं माझं. बाळ रडलं की मी उठून लंगोट बदलून तिच्याजवळ द्यायचो, पिऊन झालं की ढेकर काढून परत पाळण्यात. तिला बसायच्या पलीकडे हलावं लागायचं नाही. सकाळी ती थोडी तरी ताजी असायची आणि थोरला उठल्याबरोबर तिच्या कुशीत जायचा. पहाटेचा तो अर्धा तास त्याला मिळाला की दिवस शांत जायचा, नाही मिळाला तर दुपारपर्यंत घरभर किरकिर.

रजेबद्दल एक सांगतो. केंद्र सरकारी कर्मचाऱ्याला पितृत्व रजा १५ दिवसांची मिळते, दोनपेक्षा कमी हयात अपत्यं असली तर, आणि ती बाळाच्या जन्मानंतर सहा महिन्यांच्या आत कधीही घेता येते. खासगी नोकरीत तसा कायदा नाही, कंपनीची मर्जी. माझा अनुभव असा की बहुतेक बाबा सगळी रजा दवाखान्याच्या आठवड्यात संपवतात. तेव्हा घरात दोन्हीकडच्या आज्या, मावशी, आत्या सगळे असतात. खरी ओढाताण बारसं आटोपून माणसं आपापल्या गावी गेल्यावर सुरू होते. शक्य असेल तर थोडी रजा तेव्हासाठी ठेवा.


पेणची_आजी

मुली, तुझं दुखणं कळलं. पण आजीची बाजूही ऐक.

आम्ही थोरल्याला बाहेर नेतो ते ओल्या बाळंतिणीच्या अंगासाठी. सिझर झालेलं असेल तर डॉक्टर स्वतःच सांगतात, सहा आठवडे बाळापेक्षा जड काही उचलायचं नाही. साडेतीन वर्षांचं मूल चौदा-पंधरा किलोचं असतं. ते धावत येऊन पोटावर आदळलं तर? माझ्या सुनेच्या वेळी मला रात्रंदिवस हीच धास्ती होती. सव्वा महिना बाळंतिणीला जपायचं ही रीत उगाच पडलेली नाही. त्या दिवसांत तिची हाडं-सांधे, झोप, रक्त सगळं भरून यायचं असतं.

तरीही तू म्हणतेस ते मला पटलं, आणि आम्ही त्यातून काढलेली वाट सांगते. मूल आईजवळ जायचं ते पलंगावर चढून, कडेवर नाही. आईच्या पोटावर उशी, आणि तो तिच्या बाजूला टेकून. सून बाळाला पाजायला बसली की मी थोरल्याचा वरणभात तिथेच घेऊन जायची. एका बाजूला बाळ पितंय, दुसऱ्या बाजूला हा जेवतोय. भरवायची मी, पण टेकलेला आईला. "बाळाचं जेवण चालू आहे, तुझंही चालू आहे," एवढंच बोलायचं. त्यानंतर पाजायच्या वेळी त्याने कधी त्रास दिला नाही.

आणखी एक. बाळंतिणीसाठी डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, खसखशीची खीर होते. घरात वास सुटतो आणि लेकराला सांगतात, ते आईचं आहे, तुझं नाही. असं करू नका गं. दोन लाडू छोटे वळा, त्याच्या डब्यात ठेवा. अळिवाच्या खिरीतली एक वाटी त्याची. जे जे घरात नवीन येतं ते सगळं बाळाचं आणि आईचंच असतं. निदान खाण्यात तरी त्याचा वाटा ठेवा.


मोगरी, सांगली

मी बालरुग्ण विभागात परिचारिका आहे. रानजाईच्या मूळ मुद्द्याला माझा पाठिंबा आहे. पण थोरलं आणि धाकटं एका खोलीत असणार तर काही गोष्टी नीट पाळाव्या लागतात. त्या माहीत असल्या की भीतीपोटी थोरल्याला दाराबाहेर ठेवायची वेळ येत नाही.

सर्दी-खोकला घरात येतो तो बहुतेक वेळा बालवाडीतून, म्हणजे थोरल्याबरोबर. मोठ्या मुलाला साधं शेंबडं नाक असतं, पण तोच विषाणू महिन्याभराच्या बाळाच्या छातीत उतरू शकतो. तेव्हा बालवाडीतून आल्यावर आधी साबणाने हात-पाय-तोंड धुणं आणि कपडे बदलणं, मग बाळ. पापा घ्यायचा तो पायाचा, तोंडाचा किंवा हाताचा नाही, कारण हात बाळ तोंडात घालतं. "बाळाच्या पायाला पापी" हे मुलं आनंदाने शिकतात. "हात लावू नको" हे शिकत नाहीत आणि त्यांनी ते शिकूही नये.

थोरल्याच्या लसी वेळेवर झाल्यात का हे बाळ येण्याआधी बघा. डांग्या खोकल्याची लस बाळाला सहाव्या आठवड्यापासून सुरू होते. तोवर त्याचं संरक्षण म्हणजे आईने गरोदरपणी घेतलेली लस आणि घरातल्या बाकीच्यांच्या पूर्ण झालेल्या लसी. थोरल्याला दीड ते दोन वर्षांच्या दरम्यानचा ट्रिपलचा (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) बूस्टर राहिला असेल तर तो आता उरकून घ्या.

तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप आला तर घरी औषध देऊन वाट बघायची नाही, त्याच वेळी डॉक्टरकडे. थोरल्याला ताप आला तर आपण एक रात्र बघतो. तोच नियम धाकट्याला लावायचा नाही. बाळ पीत नसेल, जास्तच झोपाळू वाटत असेल, श्वास घेताना छाती आत ओढली जात असेल, तरी तसंच.

थोरल्याचे हात मायाळू असतात, आणि नेमकं तेच सांभाळावं लागतं. तो आपल्या तोंडातला शेंगदाणा बाळाला भरवायला जातो, कारण सगळे बाळाचे लाड करतात हे त्याने पाहिलेलं असतं. चुरमुरा, मणी, खेळण्यातलं बटण, काहीही. म्हणून पाच वर्षांखालचं मूल आणि तान्हं बाळ यांना खोलीत एकटं सोडायचं नाही, दारावर कुरिअर आलं तरी नाही. एकाला कडेवर घ्या किंवा दुसऱ्याला सोबत न्या. झोळीला झोका देणं हे थोरल्याचं आवडतं काम असतं. ते मोठ्या माणसाचा हात दोरीवर असतानाच करू द्या.

घुटी, मध, ग्राइपवॉटर, साखरपाणी यातलं काही नको. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध आणि डॉक्टरांनी दिलेले ड जीवनसत्त्वाचे थेंब. मध तर वर्षाच्या आत अजिबात नाही. काजळ नको, नाका-कानात तेल नको. आणि शेगडी. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून शेक-धुरी देतात, तिचा धूर आणि विषारी वायू बाळाला, बाळंतिणीला आणि तिथेच खेळणाऱ्या थोरल्याला, तिघांनाही धोक्याचा आहे. शिवाय तीन वर्षांचं मूल आणि पेटती शेगडी एका खोलीत हे आमच्याकडे भाजलेल्या मुलांच्या रूपाने दिसतं. शेकच हवा असेल तर गरम पाण्याची पिशवी वापरा.


चाफेकळी

वाचतेय. माझी तारीख पुढच्या महिन्यात आहे. थोरला पावणेतीनचा आहे आणि माझ्याशिवाय एकही रात्र झोपलेला नाही. दवाखान्यात असताना काय करू? त्याला भेटायला आणू का? सगळे म्हणताहेत आणू नको, परत जाताना रडेल.


रानजाई

चाफेकळी, आणा. जाताना रडेल, पण आई कुठे आहे हे त्याच्या डोळ्यांनी बघून जाईल. आमची थोरली माझी खाट, माझा जेवणाचा डबा, हाताची सलाइनची सुई सगळं बघून गेली आणि घरी बाहुलीला सुई लावत होती म्हणे. दवाखान्याचे नियम मात्र आधी विचारून घ्या, काही ठिकाणी लहान मुलांना वॉर्डात सोडत नाहीत. तसं असेल तर व्हिडिओ कॉल करा, पण रोज एकाच वेळेला.

पहिल्या भेटीला बाळ पाळण्यात किंवा दुसऱ्या कुणाच्या हातात असू द्या, तुमचे दोन्ही हात रिकामे ठेवा. तो आला की आधी त्याला जवळ घ्या. बाळाकडे त्याने बघावं म्हणून घाई करू नका, तो आपणच विचारेल. बाळाने दादासाठी खेळणं आणलं असं सांगायची पद्धत आहे. आम्ही तसं केलं नाही. बाळ दुकानात गेलं नाही हे तिला कळतं, आणि मला तिच्याशी खरंच बोलायचं होतं. पुस्तक दिलं, पण आईने दिलं म्हणून.

रात्रीसाठी आतापासून तयारी करा. तुम्ही दवाखान्यात असताना जो त्याला झोपवणार आहे त्याने आजपासूनच, तुम्ही घरात असताना, झोपवायला सुरुवात करावी. तीच गोष्ट, तीच पांघरूण घालायची पद्धत. आणि या महिन्यात त्याचा पलंग बदलणं, डायपर सोडवणं, नवी बालवाडी यातलं काहीही नव्याने सुरू करू नका.


वऱ्हाडी_वारा, अमरावती

थोडं वेगळं मत मांडतो, राग मानू नका.

आम्ही थोरल्याला महिनाभर गावाकडे आजी-आजोबांकडे ठेवलं होतं. तिथे चुलत भावंडं, अंगण, गाई-म्हशी. पोरगा मजेत होता, वजन वाढवून आला. इकडे बायकोला झोप मिळाली, बाळाचं पाजणं मार्गी लागलं. परत आला तेव्हा आई हिंडती-फिरती होती, त्याला उचलून घेऊ शकत होती. दमलेल्या, चिडलेल्या आईजवळ मूल ठेवण्यापेक्षा हे बरं नाही का? एकत्र कुटुंबात मूल नुसतं आईचं नसतंच. आमच्याकडे ते काकूच्या हातचं जेवतं, आजोबांजवळ झोपतं.


रानजाई

वऱ्हाडी_वारा, राग कशाला. तुमच्या मुलाला ते घर सवयीचं होतं ना? काकूच्या हातचं जेवण आणि आजोबांजवळची झोप त्याला जन्मापासून होती. तो दुसऱ्याच्या घरी गेला नाही, आपल्याच घरी राहिला. माझी मुलगी वर्षातून एकदा दिवाळीला गावी जाते. तिला अचानक महिनाभर तिथे ठेवलं आणि परत आल्यावर तिच्या जागी बाळ दिसलं, तर त्याचा अर्थ ती काय लावेल? म्हणून पाठवणं चांगलं की वाईट असं मी म्हणणार नाही. मूल आधीपासून तिथे रुळलेलं आहे का, हा माझा प्रश्न आहे.


कोयनाकाठ

+१. आणि गावाला पाठवलंच तर बाळ घरी आल्याचं आधी बघून मग जाऊ द्यावं असं मला वाटतं. त्याच्यामागे सगळं घडून गेलं असं त्याला वाटू नये.


ऱ्हाइनकाठची, कोलोन

इथे आम्ही चौघंच. आईचा व्हिसा वेळेत आला नाही, सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन. म्हणजे रानजाई म्हणते तसं बाळ घ्यायला दुसरे हात नव्हतेच. त्यामुळे एकटीने दोघांना कसं सांभाळायचं ते लिहिते. परदेशातल्या बऱ्याच जणींची आणि आता पुण्या-मुंबईतल्याही अनेकींची हीच स्थिती आहे.

जर्मनीत बाळंतपणानंतर हेबाम्मं, म्हणजे सुईण, घरी येते. सुरुवातीला हवी तर रोज, आणि बाळ बारा आठवड्यांचं होईपर्यंत तिच्या भेटींचा खर्च सरकारी आरोग्यविमा देतो. माझी सुईण आल्याबरोबर बाळाचं वजन करायची आणि ताजव्याचा आकडा थोरल्याला वाचायला सांगायची. पुढच्या वेळी तो दारातच तिची वाट बघत उभा. बाळाचं वजन पहिल्या काही दिवसांत थोडं उतरतं आणि साधारण दोन आठवड्यांत जन्माच्या वजनावर येतं, हे त्याने स्वतः आकडे बघून शिकून घेतलं. घरात बारा वर्षांखालचं मूल असेल आणि आईला काम झेपत नसेल तर डॉक्टरांच्या चिठ्ठीवर विम्याकडे घरकामाच्या मदतनिसासाठी अर्ज करता येतो. इथल्या मराठी मुलींना हे पुष्कळदा माहीतच नसतं, म्हणून मुद्दाम लिहिलं.

त्या सुईणीकडूनच एक गोष्ट शिकले. दिवसभरात आपण थोरल्याला शंभरदा सांगतो, थांब, बाळाचं होऊ दे. बाळाला कधीच सांगत नाही. बाळ कोरडं आहे, पोट भरलेलं आहे, पाळण्यात सुरक्षित आहे, नुसतं कुरकुरतंय, अशा वेळी मोठ्याने बाळाला सांगायचं, "बाळा, एक मिनिट थांब, दादाच्या बुटाची नाडी बांधते, मग येते." बाळाला त्याने काही होत नाही. थोरल्याच्या चेहऱ्यावर जे उमटतं ते बघा. खरं वाटणार नाही इतका फरक पडतो.

पाजायच्या वेळेसाठी एक टोपली केली होती. त्यातल्या वस्तू फक्त तेव्हाच निघायच्या. जुनी चावी, झाकणाचे डबे, स्टिकर, दोन पुस्तकं. एका हाताने बाळ धरून दुसऱ्या हाताने पुस्तकाची पानं उलटता येतात. पाजणं म्हणजे आई बाळाची होण्याची वेळ, असं त्याला वाटत होतं. गोष्टीची वेळ असं वाटायला लागलं आणि भांडण मिटलं.


केवडा

मी इथे फार लिहीत नाही. हे कुठे बोलताही येत नाही म्हणून लिहिते.

मला बाळाचा नाही, थोरल्याचा राग येतो. तो चार वर्षांचा आहे. त्याचा आवाज झाला, बाळ उठलं, की माझ्या डोक्यात तिडीक जाते. पूर्वी मला तो एवढासा वाटायचा, आता त्याचा हात अंगावर पडला तरी जड वाटतो. तुमचं सगळ्यांचं वाचून वाटलं, सगळ्या जणी थोरल्यासाठी जीव टाकताहेत आणि मला तो जवळ नको वाटतो. बाळ अडीच महिन्यांचं झालंय. मी रोज रडते. घरी सगळे म्हणतात, झोप नाही म्हणून होतंय.


पेणची_आजी

केवडा, बाळा, बरं केलंस लिहिलंस. दिवसभर तान्हं अंगाला चिकटलेलं असलं की आणखी कुणाचा स्पर्श नको होतो, हे आमच्या वेळीही होतं, फक्त कुणी बोलायचं नाही. तुझं त्याच्यावरचं प्रेम कुठे गेलेलं नाही. आज घरातल्या कुणाला तरी बाळ दे आणि आधी तू झोप. थोरल्याचं नंतर बघू.


मोगरी

केवडा, आजी म्हणतात त्यात थोडी भर घालते. बाळंतपणानंतर पहिले काही दिवस रडू येणं, चिडचिड होणं हे खूप जणींना होतं आणि साधारण दोन आठवड्यांत ओसरतं. दोन आठवड्यांनंतरही रोज रडू येत असेल, कशातच मन लागत नसेल, आपल्याच मुलाचा स्पर्श नकोसा होत असेल, तर ते झोपेच्या अभावावर ढकलून सोडून द्यायचं नसतं. हा आजार आहे, त्यावर उपचार आहेत आणि बाळाला पाजत असतानाही घेता येतील अशी औषधं डॉक्टर देऊ शकतात. तुमच्या प्रसूतितज्ज्ञांकडे याच आठवड्यात जा आणि इथे लिहिलंत तेच शब्द त्यांना सांगा. थायरॉइड आणि हिमोग्लोबिनही तपासून घ्यायला सांगा, त्यांच्या कमतरतेनेही असं होतं.

त्याआधी बोलावंसं वाटलं तर टेली-मानस, १४४१६. केंद्र सरकारची सेवा आहे, मोफत, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. स्वतःला किंवा मुलांना इजा करावी असा विचार क्षणभर जरी आला तरी एकटं राहू नका, कुणाला तरी जवळ बोलवा आणि त्याच वेळी दवाखाना गाठा.

घरच्यांना हा प्रतिसाद दाखवा.


केवडा

नवऱ्याला दाखवला. तो गप्प झाला आणि मग उद्याची वेळ घेतली. बाळाला घेऊन तो बाहेरच्या खोलीत झोपतोय आज, पाजायला आणून देईल. धन्यवाद.


रानजाई

केवडा, जाऊन आलीस की जमलं तर इथे दोन ओळी लिही. नाही लिहिलंस तरी चालेल. आणि इथे सगळ्या थोरल्यासाठी जीव टाकताहेत असं वाटलं ना, तर एक सांगते. मी थोरलीला जवळ घ्यावं म्हणते ते माझ्यावर आणखी एक काम वाढावं म्हणून नाही. बाळ दुसऱ्याने उचललं की आईलाही श्वास घ्यायला जागा होते. ज्या घरात बाळ कुणी घेत नाही तिथे आईने थोरल्याला जवळ घ्यावं असं सांगणं मला अन्यायाचं वाटतं.


तुंगभद्रा

इथे नोकरी करणाऱ्या असतील त्यांच्यासाठी. प्रसूती लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवडे पगारी रजा आहे, त्यातली जास्तीत जास्त ८ आठवडे प्रसूतीआधी घेता येते. पन्नास किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेने पाळणाघराची सोय द्यायची असते आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जायची मुभा असते. मी दुसऱ्या वेळी शेवटच्या दिवसापर्यंत काम केलं नाही, दोन आठवडे आधीच रजा घेतली आणि ते दिवस फक्त थोरल्याबरोबर काढले. रजा मागे राखून ठेवावी असं सगळे सांगतात, पण मला ते दोन आठवडे घेतल्याचं समाधान आहे.

गावाकडच्या मैत्रिणींसाठी, आशाताई नवजात बाळाला बघायला घरी येतात, दवाखान्यात प्रसूती झाली असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. दुसरं अपत्य मुलगी असेल तर मातृवंदना योजनेत ६००० रुपये मिळतात, निकषात बसत असाल तर. अंगणवाडीत चौकशी करा.


चाफेकळी

सगळं लिहून घेतलं. एक शंका, बाळ आल्यावर थोरला परत गादी ओली करायला लागला तर काय करायचं? बहिणीच्या मुलाने केलं होतं आणि त्याला खूप ओरडा बसला होता.


ऱ्हाइनकाठची

ओरडायचं नाही, चारचौघांत त्याबद्दल बोलायचं नाही, चादर बदलायची आणि झोपायचं. हवं तर रात्री पुन्हा डायपर. माझ्याही मुलाचं झालं, बाटली मागितली, बोबडं बोलायला लागला. काही आठवड्यांत आपोआप गेलं. लघवी करताना दुखतं असं म्हणाला किंवा ताप असेल तर मात्र लघवी तपासा.


रानजाई

इथलं वाचून घरात एक बदल केला तो सांगते. काल सासूबाईंना पेणच्या आजींचा प्रतिसाद वाचून दाखवला. त्यांना माझ्या टाक्यांचीच काळजी होती, हे मला त्यांनी पहिल्यांदा एवढं स्पष्ट सांगितलं. आता दुपारी बाळ पिऊन झालं की त्या त्याला घेऊन हॉलमध्ये जातात आणि खोलीत मी आणि थोरली. दार लोटलेलं. काय करायचं ते ती ठरवते. काल नुसती पडून माझ्या बांगड्या फिरवत होती आणि बाळाची टाळू का धडधडते, दुखते का, माझीपण होती का असं विचारत होती. आज तिला दवाखाना-दवाखाना खेळायचं होतं. मालिशच्या वेळी तिलाही तेलाचा हात लावायला मावशींनी आपणहून सुरुवात केली आहे.

मोगरी, पुढच्या सोमवारी धाकट्याची सहा आठवड्यांची लस आहे. थोरली यायचं म्हणते. नेऊ का?


मोगरी

न्या, पण तिच्यासाठी वेगळं एक माणूस सोबत असू द्या, म्हणजे ती घाबरली तर तुम्हाला बाळाला सोडून उठावं लागणार नाही. सरकारी वेळापत्रकाप्रमाणे त्या दिवशी पोलिओ आणि रोटाचे डोस तोंडाने, आणि पेंटा, न्यूमोकोकल व पोलिओची सुई असं असतं, म्हणजे बाळ रडणार हे तिला घरीच सांगून ठेवा. खोटं सांगू नका. सुया चालू असताना ती बाहेर थांबली तरी हरकत नाही, तोंडाच्या डोसाच्या वेळी आत येऊ द्या. सुई झाल्याबरोबर बाळाला पाजायला घ्या, लवकर शांत होतं. त्या रात्री बाळ किरकिरेल, थोडा ताप येईल. तापाचं औषध किती आणि कधी द्यायचं, आणि ताप किती वाढला तर परत दाखवायचं, हे वजनावरून डॉक्टरांकडून तिथेच लिहून घ्या. सुईच्या जागी हळद, बर्फ, शेक काही लावू नका.

लसीचं कार्ड न्या, आणि थोरलीचंही सोबत ठेवा. तिचा पुढचा ट्रिपलचा बूस्टर पाच ते सहा वर्षांच्या दरम्यान असतो, आधीचं काही राहिलं असेल तर एकाच फेरीत कळेल.